कोर्ट मार्शलची पटकथा: आरोपपत्रापासून निकालाच्या पुष्टीपर्यंत

लष्करी खटल्यावर थरारपट लिहिणारे बरेच लेखक शेवटच्या उलटतपासणीपासून सुरुवात करतात. एक धारदार प्रश्न सुचतो, त्यावर कोसळणारा कर्नल दिसायला लागतो आणि बाकीची पटकथा त्या प्रसंगाकडे ढकलली जाते. अडचण अशी की भारतीय लष्करी कायद्यात खोलीतली सुनावणी हा खटल्याचा मधला तुकडा आहे. तिथपर्यंत येताना आरोपीला साक्षीदारांना प्रश्न विचारण्याच्या निदान दोन संधी मिळून गेलेल्या असतात. शिवाय निकाल वाचून झाला तरी वरच्या अधिकाऱ्याने कायम करेपर्यंत त्याला किंमत नसते. ही चौकट नीट समजून घेतली तर थरार बाहेरून आणावा लागत नाही.

इथे आधार आहे आर्मी अॅक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ यांचा. नौदलाचा कायदा १९५७ चा आहे, हवाई दलाचा वेगळा आहे. तिन्हींची सरमिसळ करू नका. पात्राचा गणवेश एकदा ठरला की कायदाही ठरला.

प्रत्येक पायरी समजावी म्हणून एक कथाबीज घेऊ. सीमेजवळच्या एका तुकडीतला कॅप्टन. रात्री पूर आलेल्या नाल्यातून गाड्या पलीकडे न्यायचा हुकूम त्याला मिळाला आणि त्याने गाड्या अलीकडेच थांबवल्या, असा त्याच्यावर ठपका. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, म्हणतो, "मी वायरलेसवर स्पष्ट हुकूम दिला." कॅप्टन म्हणतो, "जमतंय का पाहा, एवढंच सांगितलं होतं." वायरलेसच्या नोंदवहीत एका नोंदीची वेळ खोडून पुन्हा लिहिलेली आहे.

आधी न्यायालय ठरवा

सैनिकाने केलेला प्रत्येक गुन्हा कोर्ट मार्शलसमोर येत नाही. कलम ७० म्हणतं की लष्करी कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावर बलात्कार, हे गुन्हे कोर्ट मार्शल चालवू शकत नाही. अपवाद तीनच: आरोपी सक्रिय सेवेवर (शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर किंवा सरकारने अधिसूचनेने तशी ठरवलेल्या सेवेवर) असताना, भारताबाहेर असताना किंवा केंद्र सरकारने ठरवलेल्या सीमा चौकीवर असताना गुन्हा घडला तर. महाराष्ट्राला हा फरक सर्वांत ठळक दाखवणारं प्रकरण मुंबईचंच आहे. एप्रिल १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळी घातली आणि ते आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे नौदल पोलिसांच्या प्रमुखाकडे, हजर झाले. आरोपी सेवेतला अधिकारी, तरीही खटला चालला मुंबईच्या सत्र न्यायालयात, ज्यूरीसमोर. तुमच्या कथेत मयत माणूस नागरी असेल आणि घटना पुण्यात किंवा नाशकात घडत असेल, तर तुम्ही लिहिताय तो कोर्ट मार्शलचा चित्रपट नाही. पहिल्याच आठवड्यात हे तपासून घ्या. तीन मसुदे झाल्यावर कळलं तर सगळी इमारत पाडावी लागते.

कोर्ट मार्शलचे प्रकार चार. आपला आरोपी अधिकारी आहे, त्यामुळे डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल बाद: ते अधिकाऱ्यावर किंवा जेसीओवर (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरवर) खटला चालवू शकत नाही आणि दोन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाही. समरी जनरल कोर्ट मार्शल तीन अधिकाऱ्यांचं आणि मुख्यतः सक्रिय सेवेच्या काळासाठीचं. समरी कोर्ट मार्शल सीओ एकटा चालवतो. दोन अधिकारी किंवा जेसीओ हजर असतात, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसतं. जवानाची गोष्ट सांगायची असेल तर हा प्रकार जरूर विचारात घ्या. तक्रार करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा सुनावणारा एकाच दालनात बसतो, त्यामुळे नाट्य आपोआप तापतं. कॅप्टनसाठी मात्र जनरल कोर्ट मार्शल. किमान पाच अधिकारी, प्रत्येकाची कमिशनवर किमान तीन वर्षं पूर्ण झालेली आणि त्यांतले किमान चार कॅप्टन किंवा त्यावरचे.

पटकथेआधी आरोपपत्र लिहा

एका कागदावर आरोपपत्र तयार करा. प्रत्येक आरोपाला दोन भाग असतात: कलमाच्या भाषेत गुन्हा आणि खाली तपशील, म्हणजे कुठे, कधी, कोणी, काय केलं. हा कागद तुमच्या कथेचा कणा आहे. आरोप अर्ध्या पानात मावत नसेल तर कथाच अजून ठरलेली नाही असं समजा.

कलम ४१ वाचलं की आपल्या कथाबीजात किती ऐवज आहे ते दिसतं. पहिलं पोटकलम: वरिष्ठाने कर्तव्य बजावताना स्वतः दिलेला कायदेशीर हुकूम, तोंडी, लेखी किंवा सिग्नलने, उघड अवहेलना दिसेल अशा रीतीने मोडणं. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. दुसरं पोटकलम: कायदेशीर हुकूम न पाळणं. सक्रिय सेवेवर असाल तर १४ वर्षं, नसाल तर ५. म्हणजे खटल्याचे प्रश्न कायद्यानेच लिहून दिले आहेत. हुकूम होता का? तो सीओने स्वतः दिला की ऑपरेटरने आपल्या शब्दांत पोहोचवला? कायदेशीर होता का? आणि त्या रात्री ती तुकडी 'सक्रिय सेवेवर' होती का? हा शेवटचा मुद्दा रुक्ष वाटतो, पण त्यानेच शिक्षेची कमाल मर्यादा जवळपास तिप्पट होते. बचावाच्या वकिलाने एखादी अधिसूचना टेबलावर ठेवावी आणि नऊ वर्षं गळून पडावीत, असा प्रसंग आरडाओरड्याशिवाय उभा राहतो.

खोडलेल्या नोंदीसाठी कलम ५७ आहे: सरकारी कागदात खोटी नोंद, १४ वर्षांपर्यंत. तो आरोप कॅप्टनवर लावायचा की तपास पुढे सरकल्यावर दुसऱ्याच कोणाच्या गळ्यात पडायचा, हे आत्ताच ठरवा. किरकोळ वाटणारं कलम ६३, म्हणजे शिस्तीला बाधा आणणारं वर्तन, हे प्रत्यक्षात फार वापरात असलेलं कलम. मुख्य आरोप टिकला नाही तर पर्याय म्हणून ते लावलेलं असतं.

घड्याळ हवं असेल तर कलम १२२ आहे. खटला सुरू करायला तीन वर्षांची मुदत असते. पळून जाणं, बंड आणि फसवून भरती होणं यांना ती लागू नाही. घटनेला दोन वर्षं अकरा महिने झाले असताना फाइल एका टेबलावर अडकली, तर बॉम्बशिवाय टिकटिक ऐकू येते.

खटल्याआधीचे तीन टप्पे

बहुतेक पटकथा इथे फसतात. घटना होते, लगेच कोर्ट भरतं आणि साक्षीदार पहिल्यांदाच तोंड उघडतो. असं होत नाही.

आधी असते कोर्ट ऑफ इन्क्वायरी. ती चौकशी आहे, खटला नव्हे. ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर आच येणार, त्याला नियम १८० नुसार पूर्ण वेळ हजर राहायची, साक्षीदारांना प्रश्न विचारायची आणि आपले साक्षीदार आणायची संधी द्यावीच लागते. चौकशी अधिकाऱ्याने साक्षीच्या वेळी कॅप्टनला बाहेर बसवलं, तर तो नंतर बचावाच्या हाती लागणारा दोष आहे. पण या चौकशीतलं कामकाज नियम १८२ नुसार खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून इन्क्वायरीतला कबुलीजबाब कोर्टात नाट्यमय रीतीने वाचून दाखवणारा प्रसंग कापून टाका.

मग आरोपी सीओसमोर उभा राहतो: नियम २२. आरोप वाचला जातो, साक्षीदार समोर येतात, आरोपी त्यांना प्रश्न विचारू शकतो. सीओ आरोप तिथेच निकाली काढू शकतो किंवा प्रकरण पुढे पाठवू शकतो. आपल्या कथेत सीओ स्वतःच मुख्य साक्षीदार आहे. त्याच्याच समोर ही सुनावणी झाली तर निःपक्षपातीपणाचा प्रश्न दहाव्या मिनिटाला पेरला जातो. जाणकार प्रेक्षक तिथेच पुढे सरसावून बसेल.

त्यानंतर नियम २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स. साक्षीदारांचे जबाब लिहून घेतले जातात, त्यांना वाचून दाखवले जातात, सह्या होतात. इथेही आरोपी उलटतपासणी घेऊ शकतो. स्वतः काही सांगायचं असेल तर आधी त्याला बजावलं जातं की बोलायची सक्ती नाही, पण बोललेलं लिहिलं जाईल आणि ते पुराव्यात येऊ शकतं. पटकथाकारासाठी हा खरा खजिना. नाईक हुद्द्याचा वायरलेस ऑपरेटर इथे एक शब्द वापरतो, समजा 'पाहा', आणि चार महिन्यांनी कोर्टात म्हणतो 'न्या'. दोन जबाबांतला हा फरकच तुमची उलटतपासणी. अचानक अवतरलेल्या कॅसेटपेक्षा सही केलेला जुना कागद जास्त टोचतो, कारण प्रेक्षकाने तो लिहिला जाताना पाहिलेला असतो. त्यामुळे समरीचा प्रसंग कंटाळवाणा म्हणून एका मोंटाजमध्ये उडवू नका. ११५ पानांच्या पटकथेत त्याला निदान दहा पानं द्या आणि तो एक शब्द कॅमेऱ्यासमोर उच्चारला जाऊ द्या.

माणसं

सगळ्यात ज्येष्ठ सदस्य पीठासीन अधिकारी होतो. सदस्य हे वकील नसतात. पायदळ, तोफखाना, सिग्नल्स अशा ठिकाणांहून आलेले कामाचे अधिकारी असतात. ज्याने कोर्ट बोलावलं, ज्याने आरोपांचा तपास केला, जो साक्षीदार आहे, जो आरोपीचा सीओ आहे, तो सदस्य होऊ शकत नाही. एकदोन राखीव सदस्यही नेमलेले असतात. आक्षेप मान्य होऊन एखादा उठला तर त्यांतला एक त्या खुर्चीत बसतो.

जज अॅडव्होकेट हे पात्र सर्वांत जास्त वेळा चुकीचं लिहिलं जातं. जॅग, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेचा हा अधिकारी जनरल कोर्ट मार्शलला हजर असावाच लागतो. तो सरकारी वकील नाही, न्यायाधीशही नाही. तो कायदा सांगतो, शेवटी पुराव्याचं समालोचन करतो आणि त्याला मत नाही. खोलीतल्या ज्या एका माणसाला कायदा पूर्ण ठाऊक आहे, त्याच्याच हातात निर्णय नाही, ही जागा नटासाठी फार मोलाची आहे. हुद्दाही जपा. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये चरणजितसिंग गिल प्रकरणात सांगितलं की आरोपी अधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ हुद्द्याचा जज अॅडव्होकेट चालणार नाही. आरोपी कर्नल आणि जज अॅडव्होकेट कॅप्टन, अशी पात्रयोजना केलीत तर अख्खा खटलाच पोकळ ठरतो.

अभियोग चालवणारा प्रॉसिक्युटर बहुधा साधा लष्करी अधिकारी असतो. संपूर्ण घटना कोर्टासमोर मांडायची आणि आरोपीवर गैरफायदा घ्यायचा नाही, हे त्याचं कर्तव्य नियमांत लिहिलेलं आहे. त्याला खलनायक करायचा असेल तर त्याने हे कर्तव्य नेमकं कुठे मोडलं ते दाखवा. नुसता आवाज चढवून भागणार नाही. आरोपीच्या बाजूला डिफेन्डिंग ऑफिसर असतो आणि नागरी वकीलही उभा राहू शकतो. दोघंही ठेवा. वकिलाला सैन्य कळत नाही, डिफेन्डिंग ऑफिसरला कायदा कळत नाही आणि त्याची पुढची बढती याच लोकांच्या हातात आहे. त्यांचे रात्रीचे प्रसंग हा चित्रपटाचा जिवंत भाग ठरतो.

खोली, भाषा, कागद

लाकडी कठडा, डोळ्यांवर पट्टी बांधलेली मूर्ती आणि हातोडा विसरा. हातोडा आपल्या नागरी न्यायालयांतही कोणी आपटत नाही. छावणीतला मोठा हॉल, हिरव्या किंवा पांढऱ्या कापडाची लांब टेबलं, मध्ये पीठासीन अधिकारी, जवळ जज अॅडव्होकेट, दोन्ही बाजूंना सदस्य, समोर दोन पक्षांची टेबलं, साक्षीदाराची खुर्ची, टंकलेखक. मोजा: पाच सदस्य, दोन राखीव, जज अॅडव्होकेट, प्रॉसिक्युटर, डिफेन्डिंग ऑफिसर, वकील, आरोपी, त्याच्यासोबतचा एस्कॉर्ट अधिकारी, टंकलेखक, ऑर्डर्ली. पंधरा माणसं रोज सेटवर. तारखा घेताना हा आकडा निर्मात्याला आधी सांगा. हॉल तीस फूट लांब असेल तर कॅमेऱ्याला सदस्यांच्या मागे जायला जागा राहते. आरोपीकडे त्यांच्या खांद्यावरून पाहता आलंच पाहिजे.

मराठीत लिहिताना भाषेची गाठ लवकर सोडवा. अधिकारी आपसात इंग्रजीमिश्रित हिंदी बोलतात, कागद इंग्रजीत असतात, जवान आपल्या भाषेत विचार करतो. साताऱ्याचा किंवा कोल्हापूरचा नाईक साक्षीला उभा राहिला की दुभाषी आणता येतो, आणि 'पाहा' की 'न्या' या वादाला भाषांतराची आणखी एक घडी पडते. जवान अधिकाऱ्याला 'साब' म्हणतो, कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाला 'सर', जेसीओंच्या नावापुढे सगळेच आदराने 'साहब' लावतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीची घोषणा, बिल्ला किंवा बेळगावचं केंद्र कथेत आणायचं असेल तर जपून. बटालियनचा क्रमांक काल्पनिक ठेवा. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं की सैन्यावरच्या चित्रपट आणि वेब मालिकांच्या निर्मात्यांनी प्रदर्शनाआधी मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं. प्रक्रियेच्या चुका तिथे नजरेत येतातच, त्यामुळे पटकथेला नियमांच्या क्रमांकांची टिपणं जोडून ठेवा.

कथेचं वर्षही कागदावर लिहा. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २०१८ मध्ये घडणाऱ्या खटल्यातल्या वकिलाने नवं नाव घेतलं तर तो प्रसंग तिथेच मरतो.

सुनावणीचा क्रम

कोर्ट भरण्याआधी आरोपीला पूर्वसूचना मिळाल्यापासून किमान ९६ तास मिळायला हवेत, सक्रिय सेवेवर २४. पहिल्या दिवशी सदस्यांची नावं वाचून आरोपीला विचारलं जातं: यांपैकी कोणावर आक्षेप आहे का? कलम १३०. लेखक हा क्षण गाळतात, आणि खरं तर इथे बारूद भरलेली आहे. रणजित ठाकूर या सिग्नलमनने आपल्या सीओविरुद्ध थेट वर तक्रार केली, त्याबद्दल २८ दिवसांची कैद भोगत असताना जेवायचा हुकूम नाकारला म्हणून समरी कोर्ट मार्शल झालं आणि न्याय द्यायला बसला तोच सीओ. एक वर्ष कैद आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते सगळं रद्द केलं: आक्षेपाची संधी दिली नव्हती, पक्षपाताची शक्यता उघड होती आणि शिक्षा अपराधाच्या मानाने भलतीच होती. एक न विचारलेला प्रश्न संपूर्ण खटला पाडू शकतो, हे लक्षात ठेवून तो प्रसंग लिहा.

मग शपथा, आरोपवाचन, अधिकारक्षेत्रावरचे आक्षेप, दोषी की निर्दोष याचं उत्तर, अभियोगाचे साक्षीदार, बचाव, दोन्ही भाषणं, जज अॅडव्होकेटचं समालोचन. स्पष्टीकरणासाठी कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं तेव्हा त्याला शपथ दिली जात नाही. परदेशी चित्रपटांतून उचललेली 'शपथेवर असलेल्या आरोपीची' शेवटची झडती इथे घालू नका. कोसळणारा साक्षीदार हवाच असेल तर तो सीओ किंवा ऑपरेटर असू दे.

मतदान बंद खोलीत. सदस्य आणि जज अॅडव्होकेट वगळता तिथे फार तर प्रशिक्षणासाठी आलेले अधिकारी बसू शकतात. प्रत्येक आरोपावर प्रत्येक जण तोंडी मत देतो आणि सुरुवात सर्वांत कनिष्ठ हुद्द्यापासून होते, म्हणजे ब्रिगेडियरचं मत ऐकून कॅप्टन झुकू नये. पाचांत तीन मतांनी निर्णय. बरोबरी झाली तर फायदा आरोपीला. मृत्युदंडासाठी दोन तृतीयांश मतं लागतात, पाचांच्या कोर्टात चार. कोणी काय मत दिलं हे न सांगण्याची शपथ सगळ्यांनी घेतलेली असते. म्हणून एक निर्णय दिग्दर्शकाने लेखकासोबत घ्यावा: कॅमेरा आत जाणार की दाराबाहेर थांबणार? आत गेलात तर कनिष्ठ सदस्याच्या चेहऱ्यावर थांबा, कारण पहिलं बोलायचं ओझं त्याच्यावर आहे. बाहेर थांबलात तर नंतर कोणाच्याही तोंडून मतं फुटू देऊ नका.

निष्कर्ष एका ओळीचा असतो, सोबत थोडक्यात कारणं. दहा मिनिटांचं निकालपत्र नसतं. दोषी ठरल्यास आधीची सेवा आणि चारित्र्य यांचा पुरावा येतो, मग शिक्षा. आणि प्रत्येक वेळी शब्द जोडले जातात: पुष्टीच्या अधीन.

पुष्टी

कलम १५३: पुष्टी झाल्याशिवाय जनरल कोर्ट मार्शलचा निष्कर्ष किंवा शिक्षा वैध नाही. निर्दोष मुक्ततासुद्धा. कलम १६० नुसार पुष्टी करणारा अधिकारी कोर्टाला एकदाच फेरविचार करायला लावू शकतो. तेच सदस्य पुन्हा जमतात आणि त्यांना आपल्या मतावर ठाम राहता येतं. आपला कॅप्टन सुटला, मिठ्या मारून झाल्या, आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं की कोर्ट पुन्हा बसेल. पटकथेचा तिसरा अंक इथून सुरू करा. तोवर नव्वद पानं झालेली असावीत.

या टप्प्याचं आपल्या इतिहासातलं सर्वांत मोठं उदाहरण लाल किल्ल्यातलं आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर जनरल कोर्ट मार्शल सुरू झालं. बचावाची धुरा मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी वाहिली. कोर्टाने तिघांनाही राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवून जन्मठेप काळं पाणी आणि सेवेतून बडतर्फी दिली. ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक यांचा निर्णय जाहीर झाला: जन्मठेप माफ, बडतर्फी कायम. देशभर पेटलेल्या रस्त्यांचं वजन कोर्टाच्या खोलीत आलं नाही, पुष्टीच्या टेबलावर आलं.

पुष्टीआधी आणि नंतरही आरोपी कलम १६४ खाली अर्ज करू शकतो. पुढे आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, २००७ च्या कायद्याने आलेलं, मुंबईत खंडपीठ असलेलं. कथा तिथपर्यंत न्यायची असेल तर दुसरा चित्रपट लागेल. या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग निकाल कळवण्याचा ठेवा: तेच सीओचं ऑफिस, जिथे नियम २२ ची सुनावणी झाली होती, खुर्चीत नवा सीओ, टेबलावर दोन पानं. कॅप्टन सॅल्यूट करतो. नवा सीओ वाचायला लागतो, आणि वायरलेसवरचा ऑपरेटर बाहेर व्हरांड्यात उभा असतो.